१९२ किलोमीटरमधले दोन मिलिमीटर

एकं, दहं, शतं, हजार अशी चढण आपण कोटीपर्यंत सहज चढतो. त्यापुढे दशकोटी आणि मग अब्ज. रोजच्या व्यवहारात तिथवर जायची वेळ फारशी येत नाही, म्हणून अब्ज म्हटलं की मनात काही उमटतच नाही. नुसती शून्यांची माळ दिसते. आज तिथे जाऊ या, कारण ज्या वस्तूची मोजदाद करायची आहे ती प्रत्येकाच्या कवटीत बसलेली आहे. वजन साधारण एक किलो चारशे ग्रॅम. आणि तिच्यात चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, किती? ८६ अब्ज! ८६ वर नऊ शून्यं. आठ हजार सहाशे कोटी!

सेकंदाला एक या गतीने मोजायला बसू. जेवण नाही, झोप नाही, सणवार नाही. किती दिवस लागतील? दिवस विसरा. २,७०० हून अधिक वर्षं! आज शेवटची पेशी मोजून हातावेगळी करायची असेल, तर पहिली पेशी गौतम बुद्धांच्या जन्माच्याही आधी मोजायला घेतली पाहिजे. मोजता मोजता सातवाहनांचं राज्य उगवेल आणि मावळेल. १२९० साली ज्ञानेश्वरी लिहून पूर्ण होईल, तेव्हा आपण ६३ अब्जांवर असू. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाचे चौघडे वाजतील, तेव्हा ७५ अब्जांवर. आणि तरीही ११ अब्ज उरलेलेच!

वर्षांनी समाधान झालं नसेल तर गाड्यांनी मोजू. मुंबईच्या लोकल रोज ७० ते ७५ लाख प्रवासी वाहतात. आपण ७५ लाख धरू. आता एका डोक्यातल्या प्रत्येक चेतापेशीला एकेक तिकीट काढून दिलं आणि म्हटलं, चला, बसा. पश्चिम, मध्य, हार्बर, सगळ्या मार्गांवरच्या सगळ्या गाड्या, पहाटेच्या पहिलीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत, फक्त या एका डोक्यातल्या पेशींसाठी. दुसरा एकही प्रवासी नाही. तरी शेवटची पेशी गाडीत चढायला ३१ वर्षं लागतील. एका माणसाच्या डोक्यासाठी अख्खी लोकल ३१ वर्षं!

पण या पेशी मोजल्या कुणी, आणि कशा? ही हकिगत आकड्याइतकीच अचाट आहे. कित्येक वर्षं पुस्तकापुस्तकांतून छापलं जायचं, मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात. गोल, गुटगुटीत, पाठ करायला सोपा आकडा. तो आला कुठून, हे मात्र कुणालाच नीट दाखवता येत नव्हतं. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो इथल्या सुझाना हर्कुलानो-हूझेल या शास्त्रज्ञ बाईंनी ठरवलं, आपण खरोखरच मोजायचं. त्यांची युक्ती अशी. मृत्यूनंतर अभ्यासासाठी मिळालेला मेंदू घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि रसायनात घोटून घोटून त्याचं चक्क सूप करायचं! पेशींची आवरणं विरघळून जातात, पण प्रत्येक पेशीचं केंद्रक शाबूत राहतं. एका पेशीला एक केंद्रक, म्हणजे केंद्रकं मोजली की पेशी मोजल्या. सूप ढवळून एकजीव करायचं, त्यातला जरासा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, केंद्रकं मोजायची आणि गुणाकार करायचा. असे चार मेंदू झाले आणि २००९ साली उत्तर छापून आलं: सरासरी ८६ अब्ज. म्हणजे पुस्तकं तब्बल १४ अब्जांनी चुकत होती. त्या नुसत्या चुकीत एका बबून माकडाचा सगळा मेंदू बसतो!

त्याच सुपातून आणखी एक नवल वर आलं. या ८६ अब्जांपैकी ६९ अब्ज पेशी एकट्या लहान मेंदूत असतात. हा लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर दडलेला असतो आणि त्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. तोल सांभाळणं आणि हालचाली सफाईदार करणं हे त्याचं मुख्य काम. आपल्या लोकलच्या हिशेबात त्याच्या पेशींना २५ वर्षं लागतात. ज्या थराच्या बळावर आपण बोलतो, आठवतो, बेत आखतो, भाव करतो, त्या मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, १६ अब्ज. लोकलची सहा वर्षंही पुरी नाहीत. बाकीचा सगळा मेंदू तीन महिन्यांत गाडीत चढून मोकळा!

हत्ती आठवलाच असेल. अवाढव्य प्राणी, अवाढव्य डोकं. आफ्रिकन हत्तीच्या मेंदूतल्या चेतापेशी निघाल्या २५७ अब्ज, आपल्या तिप्पट. लोकलला ९४ वर्षं! पण थांबा. त्यातल्या जवळजवळ साऱ्या लहान मेंदूत. कॉर्टेक्समध्ये फक्त ५.६ अब्ज, म्हणजे लोकलची दोन वर्षं. तिथे आपली जवळपास सहा. एवढंसं डोकं, आणि तिथे आपण हत्तीच्या जवळजवळ तिप्पट!

इथवर नुसत्या पेशी झाल्या. खरी उडी पुढे आहे. पेशी एकटी बसून काही करत नाही, ती दुसऱ्या पेशींशी जोडलेली असते. या जोडाला सायनॅप्स म्हणतात आणि एकेका पेशीचे असे हजारो जोड असतात. लहान मेंदूतल्या एका जातीच्या पेशींचे तर प्रत्येकी लाख-दोन लाख! सगळ्या डोक्यातले मिळून जोड किती? ढोबळ अंदाज आहे एकावर चौदा शून्यांचा. आपल्या भाषेत, एक कोटी गुणिले एक कोटी. एक कोटी माणसं बोलावली, प्रत्येकाने एक कोटी रुपये आणून एका मैदानात ओतले, तर जो ढीग होईल तेवढ्या रुपयांएवढे जोड. शंभर लाख कोटी रुपये! महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा होता. जोडाला एक रुपया या दराने आपल्या डोक्याची किंमत केली, तर त्या पैशात राज्य १४ वर्षं चालेल. सगळे पगार, सगळे रस्ते, सगळी धरणं, सगळ्या शाळा, १४ वर्षं! केंद्राचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प साधारण ५० लाख कोटींचा. म्हणजे सारा भारत देश दोन वर्षं. आणि हे जोड सेकंदाला एक या गतीने मोजायचे म्हटले तर लागतील ३१ लाख वर्षं. तेवढ्या मागे गेलो, तर मोजायला सुरुवात करून द्यायला आपल्या जातीचा माणूसच अजून जन्माला आलेला नाही.

आता उलट करू. एवढ्या मोठ्या आकड्यांनी दमायला होतं, तर एकच कण घेऊ आणि त्यातच डोकावू. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा मेंदूचा तुकडा. एक घन मिलिमीटर. अमेरिकेत एका ४५ वर्षांच्या बाईंवर अपस्माराची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आतल्या भागापर्यंत पोचण्यासाठी वरचा जरासा तुकडा काढावा लागला होता. हार्वर्ड विद्यापीठातले जेफ लिक्टमन, त्यांचे सहकारी आणि गूगलची मंडळी तो कण घेऊन बसली. त्यांनी त्याचे पाच हजारांहून अधिक काप केले. एकेक काप केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ! प्रत्येक कापाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले, संगणकाने ते एकावर एक बसवले, आणि एका कापातला ठिपका पुढच्या कापात कुठे सरकला, तिथून पुढे कुठे गेला, असा एकेक धागा शेवटपर्यंत पकडला. मे २०२४ मध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला.

अर्ध्या दाण्यात काय सापडलं बघा. ५७ हजार पेशी. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम अंतिम सामन्याला खच्चून भरलं, तरी एवढे प्रेक्षक होत नाहीत. ते सगळे या कणात बसले तरी जागा उरेल! २३ सेंटिमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या. आणि जोड? १५ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत घराघरात जाऊन माणसं मोजायला किती शिक्षक, किती दिवस, किती कागद लागले होते! त्याहून मोठी वस्ती अर्ध्या तांदळात.

त्या फोटोंचा पसारा झाला १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख जीबी. आपल्या खिशातला १२८ जीबीचा फोन घ्या. असे जवळजवळ ११ हजार फोन काठोकाठ भरतील. ते आडवे एकावर एक रचले, तर मनोरा ८७ मीटरचा होईल. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे. तीन गेटवे एकावर एक चढवले तरी फोनांचा मनोरा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत असेल. अर्धा दाणा, हो, अर्धाच!

आणि सगळ्या मेंदूचे असे फोटो काढायचे ठरवले तर? असे कण मेंदूत साधारण १२ लाख. फोन लागतील १,३०० कोटी. पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. एकूण एक माणसाला, तान्ह्या बाळापासून शंभरीतल्या आजीपर्यंत, एकेक फोन दिला आणि सगळ्यांचे फोन गोळा केले, तरी एका मेंदूचे फोटो त्यात मावणार नाहीत. जवळजवळ ५०० कोटी फोन कमी पडतील!

मला या सगळ्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ साली एका लेखात लिहून ठेवलं होतं की मेंदूच्या एका घन मिलिमीटरमधली नेमकी जोडणी मागणं म्हणजे अशक्य गोष्टीची मागणी करणं. नेमका हाच एक घन मिलिमीटर! माणसाच्या कणानंतर वर्षभरातच, एप्रिल २०२५ मध्ये, उंदराच्या मेंदूतल्या तेवढ्याच कणाचाही नकाशा आला. उंदराचा मेंदू जास्त दाटीवाटीचा. त्यात निघाले ५२ कोटी जोड. दरम्यान फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाचा अख्खा मेंदू २०२४ साली उलगडून झाला होता: १ लाख ३९ हजार २५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोड. केळ्यावर बसलेलं ते चिलट हाताने हुसकावताना आपण पाच कोटी जोड हुसकावत असतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातल्या मेंदूंच्या ५,१३२ कापांची चित्रं 'धरणी' या नावाने जगाला खुली केली. एकेक काप मिनिटभर पाहिला तरी साडेतीन दिवस डोळ्याला डोळा लागायचा नाही.

तान्ह्या बाळाच्या डोक्यात हे जोड किती वेगाने होतात? पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून जास्त! पाळण्याला झोका देत आईने तीन मिनिटांची अंगाई म्हटली, तेवढ्यात १८ कोटी नवे जोड. महाराष्ट्राची लोकसंख्या एका अंगाईत उभी राहून वर मध्य प्रदेशाचीही बरीचशी भर पडते.

चला, आता तारांकडे. पेशीपासून पेशीकडे जाणारे धागे, त्यातलेही फक्त चरबीचं वेष्टन असलेले. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते मोजले. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत त्यांची लांबी भरली १ लाख ७६ हजार किलोमीटर आणि स्त्रीच्या मेंदूत १ लाख ४९ हजार. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशनपर्यंत रेल्वेने १९२ किलोमीटर. म्हणजे ९०० हून जास्त वेळा मुंबई-पुणे! पास काढून रोज सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे असं जाऊन-येऊन करणाऱ्या प्रवाशाने एकही सुट्टी न घेता पंधरा महिने अप-डाऊन केलं, तर त्याच्या चाकाखालून एका डोक्यातली तार जाईल. तीच तार पृथ्वीभोवती गुंडाळली तर चार वेढे होऊन वर शेपूट उरेल. चंद्राकडे सोडली तर जवळजवळ निम्मी वाट सरेल. आणि हे सगळं टोपीखाली!

वय वाढतं तशी ही तार झिजते. वीस ते ऐंशी या साठ वर्षांत साधारण ४५ टक्के. भागाकार केला तर रोज साडेतीन किलोमीटर! सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत साडेतीन किलोमीटर तार गेली, उद्या पुन्हा साडेतीन, असं साठ वर्षं. आणि तरी ऐंशीच्या आजोबांना स्वतःच्या लग्नातल्या पंगतीत पहिल्यांदा काय वाढलं होतं, वाढप्याचं नाव काय होतं आणि कुणाचा मामा का रुसला होता, हे सगळं सांगता येतं. उरलेली तार अजूनही पृथ्वीभोवती दोन वेढे घालण्याएवढी आहे, त्यात एक लग्न सहज मावतं.

या तारांतून निरोप जातो तरी किती वेगाने? एके काळी लोक समजत की तो विजेसारखा, क्षणात जातो. योहानेस म्यूलर यांच्यासारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाला तर वाटे, हा वेग माणसाला कधी मोजताच येणार नाही. त्यांचेच शिष्य हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली तो मोजला, आणि तोही बेडकाच्या पायातल्या नसेवर. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी शंभरच्या आसपास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीला जी वेगमर्यादा आहे, साधारण तीच! माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंत हा वेग सेकंदाला १२० मीटर, ताशी ४३२ किलोमीटर. त्या वेगाने मुंबईहून निघालेली गाडी २७ मिनिटांत पुण्यात. पण सगळेच तंतू असे पळत नाहीत. काही बिनवेष्टनाचे तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात, म्हणजे माणसाच्या चालीने. त्यांना मुंबईहून पुण्याला पोचायला दोन दिवसांहून जास्त.

हा फरक प्रत्येकाने अंगावर अनुभवलेला आहे. अंधारात जाताना उंबऱ्याला करंगळी ठेचते. आधी झटकन एक तीक्ष्ण चुणूक येते आणि कळतं, लागलं. मग एक विचित्र पोकळ क्षण जातो. त्या क्षणात आपण पाय उचलतो, डोळे मिटतो, ओठ आवळतो, कारण पुढे काय येतंय ते माहीत असतं. आणि मग येते ती खरी, ठणकणारी, डोळ्यात पाणी आणणारी कळ. पहिला निरोप जलद तंतूंनी आला, दुसरा पायी पायी. करंगळीपासून डोक्यापर्यंत दीड मीटर, वेग सेकंदाला एक मीटर. तो पोकळ क्षण साधारण सेकंद-दीड सेकंदाचा असतो, पुढच्या वेळी ठेच लागली तर मोजून बघा.

एवढं यंत्र चालवायचं तर इंधन हवं. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली वीस टक्के एकटा घेतो. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याच्यातून वाहतं. म्हणजे दिवसाला हजार लिटरच्या वर. शेतातली विहीर डोळ्यांपुढे आणा, वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, पक्क्या बांधणीची. ती तळापासून काठापर्यंत भरायला साडेतीन लाख लिटर लागतात. आपल्या डोक्यातून वाहिलेल्या रक्ताने ती विहीर अकरा महिन्यांत तुडुंब! पुढच्या वर्षी दुसरी विहीर. त्यापुढे तिसरी. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ७७ विहिरी. एखाद्या गावाच्या शिवारातल्या साऱ्या विहिरी मोजल्या तरी एवढ्या भरतील की नाही कोण जाणे. आणि रक्त तेच, चार-पाच लिटर, पुन्हा पुन्हा फिरून आलेलं.

विजेचा हिशेब आणखी गमतीचा आहे. मेंदू चालतो साधारण २० वॉटवर. दोन एलईडी दिवे. दिवसाला अर्धा युनिटसुद्धा होत नाही. युनिटला दहा रुपये धरले तर दिवसाचा खर्च पाच रुपयांच्या आत. पाच रुपयांत ८६ अब्ज पेशी! आता याच्यासमोर जपानमधला 'के' हा महासंगणक उभा करू, आपल्या काळी जगात पहिला आलेला. २०१३ साली त्याच्यावर मेंदूची नक्कल चालवली गेली. सगळ्या मेंदूची नव्हे. १.७३ अब्ज चेतापेशी, म्हणजे एकूण पेशींच्या दोन टक्के, आणि त्यांचे १० लाख कोटी जोड. वेळ किती? मेंदूतल्या कामाचा फक्त एक सेकंद. ८२ हजार ९४४ प्रोसेसर कामाला लागले आणि त्या एका सेकंदाची नक्कल पुरी व्हायला लागली ४० मिनिटं! हे यंत्र १२ हजार किलोवॉटच्या वर वीज ओढायचं. चाळीस मिनिटांत आठ हजारांहून अधिक युनिट. त्याच विजेवर एका माणसाचा पूर्ण मेंदू किती दिवस चालेल? पंचेचाळीस वर्षं! यंत्राने जेवढ्या विजेत एका सेकंदाचा एक तुकडा केला, तेवढ्या विजेत एक मुलगी शाळेत जाईल, शिकेल, नोकरी करेल, संसार करेल, मुलांची लग्नं लावेल.

आणि आता, एवढं सगळं वर चढून आल्यावर, एका आकड्यापाशी थांबायचं आहे. माझ्या मते हा या विषयातला सर्वांत थक्क करणारा आकडा, आणि तो आहे फक्त १०.

कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेतल्या जिएयू झेंग आणि मार्कुस माइस्टर यांनी डिसेंबर २०२४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. प्रश्न असा, माणूस जे काही करतो, बोलतो, टाइप करतो, खेळतो, सोडवतो, त्याचा वेग माहितीच्या मापात किती? हे माप म्हणजे बिट. एका 'होय की नाही' प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक बिट. ते माप साधं दिसतं, पण अशा वीस उत्तरांत दहा लाखांहून जास्त गोष्टींतली नेमकी एक ओळखता येते. तर माणसाचा वेग निघाला सेकंदाला साधारण दहा बिट. इंग्रजीत मिनिटाला १२० शब्द बडवणारा टंकलेखक, दहा. व्हिडिओ गेमचे जगज्जेते, दहाच्या आसपास.

खोटं वाटत असेल तर ताळा करून बघू. शकुंतलादेवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा तोंडी गुणाकार केला, ७६८६३६९७७४८७० गुणिले २४६५०९९७४५७७९. वेळ २८ सेकंद. उत्तर सव्वीस आकडी आणि अचूक! या सव्वीस आकड्यांचे बिट होतात सुमारे ८६. अठ्ठावीसने भागा. सेकंदाला तीन! राजस्थानच्या राजवीर मीणा यांनी २०१५ साली वेल्लोरमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून 'पाय' (π) या संख्येचे ७० हजार दशांश म्हटले, जवळजवळ दहा तास. सेकंदाला दोन आकडे, म्हणजे सहा-सात बिट. विश्वविक्रम, आणि तरी दहाच्या आत!

आता आत येणारा लोंढा बघा. डोळे, कान, त्वचा, नाक मिळून सेकंदाला साधारण १०० कोटी बिट आत ओततात. आत १०० कोटी, बाहेर १०. दहा कोटींत एक! मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर रूळ पसरा. भायखळा, दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, खंडाळ्याचा घाट, लोणावळा, चिंचवड, शिवाजीनगर, ही सगळी वाट म्हणजे आत येणारी माहिती. मग बाहेर जाणारी किती? त्या रुळांतले दोन मिलिमीटर! दोनही नाहीत, १.९२.

आणखी एक पेच. एक सुटी चेतापेशी एकटीनेसुद्धा सेकंदाला दहाएक बिट वाहून नेऊ शकते. मग उरलेल्या ८५ अब्ज ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ करतात काय? हाच प्रश्न झेंग आणि माइस्टर यांनी साऱ्या मेंदूशास्त्रापुढे ठेवला आहे.

उत्तराची वाट बघता बघता शेवटची बेरीज करू, सत्तर वर्षांच्या एका आयुष्याची, रोजच्या सोळा जाग्या तासांची. आत आलेली सगळी माहिती आपल्या त्या १२८ जीबीच्या फोनांत भरली, तर फोन लागतील १४ लाख. एकावर एक रचले तर मनोरा साडेअकरा किलोमीटर उंच. कळसूबाई १,६४६ मीटर, अशा सात कळसूबाई एकावर एक! एव्हरेस्ट कधीच खाली राहिलं. आणि त्या सत्तर वर्षांत आपण बाहेर काय दिलं? बोललेला प्रत्येक शब्द, केलेली प्रत्येक सही, परीक्षेत लिहिलेल्या साऱ्या पुरवण्या, बाजारात केलेला भाव, भजनात धरलेला ठेका, भांडणं, समजुती, लग्नाला दिलेला होकार, नातवाला शिकवलेले पाढे, सगळं, सगळं मिळून दोन जीबीपेक्षाही कमी. साडेअकरा किलोमीटरच्या मनोऱ्यावरच्या अगदी शेवटच्या फोनचासुद्धा जेमतेम सत्तरावा भाग!